बायांचा गलका

अप्पांना आंघोळ घालून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ओसरीवर बसवलं होतं. पाठीला फळी, छातीवरून उपरण्याची गाठ, डोक्याला गुलाबी पटका. जिवंतपणी हा माणूस इतका ताठ कधी बसला नव्हता. बाजेवर असो की आडतीच्या गादीवर, एका कुशीला कलूनच बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचा. आता टिंगल बंद झाली होती आणि घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

थोरली लेक शिवकन्या आष्टीहून पोचली तेव्हा भजनवाल्यांनी टाळ धरले होते. तिनं अंगणातच चपला फेकल्या, अप्पांच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि मोकळ्या गळ्यानं रडून घेतलं. रडणं झाल्यावर पदरानं नाक पुसत तिनं पहिला प्रश्न विचारला.

"खड्डा खांदाया माणसं गेली का न्हाई?"

भावकीतला अंगद टिकाव-फावडं घेऊन सकाळपासून पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "मी कवाचा तयार हाय. कुठं खांदायचं ते तर सांगा कुणी."

"कुठं म्हंजे? मळ्यात, हिरीपाशी, अव्वाच्या शेजारी. इचारायची गोष्ट हाय का ही?"

"अक्का, मळ्यात न्हाई," खांबाला टेकून उभा असलेला मृत्युंजय म्हणाला. "अप्पाला सडकंच्या वावरात समाधी द्यायची."

मृत्युंजय धाकटा. बीडला खत-बियाणांचं दुकान टाकल्यापासून तो गावात पाहुण्यासारखा येई. अलीकडे मात्र येणं वाढलं होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची हवा सुटली होती, आणि प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेत, प्रत्येक सप्त्याच्या फलकावर त्याचं नाव दिसू लागलं होतं. शिवकन्येला हे सगळं आष्टीत बसून माहीत होतं. माहेरच्या बातम्या तिला माहेरच्या माणसांच्या आधी कळत.

"सडकंच्या वावरात कावून?"

"अप्पा काय साधा माणूस व्हता का? येत्या-जात्या माणसानं दर्शन घ्यावं. फरशी बसवू, वर मंडप घालू, फाट्यावर कमान करू. मळ्यात कोण जातंय? कुत्रं बी जात न्हाई तिकडं."

"तिकडं अव्वा हाय," शिवकन्या म्हणाली. "तुझी माय कुत्रं न्हाई."

मृत्युंजय वरमला, पण हटला नाही. शिवकन्येनं थोरल्या भावाकडे पाहिलं. महांतेश अप्पांच्या शेजारी मांडी घालून बसला होता, त्यांच्या हातावर बसणारी माशी हाकलत. या भावाला तोंड द्यायला देव विसरला असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. तरी आज तो बोलला.

"तिथं बायांच्या मिलचं ठरलंय, मृत्युंजय."

"ठरलंय म्हंजे? कागुद झालाय का?"

"सोमवारी व्हनार व्हता. अप्पा माजलगावला जाऊन सही करणार व्हते. त्यांनी चारचौघांत शब्द दिलाय."

"शब्द देणारा माणूस ह्यो बसलाय. इचार त्याला."

हे ऐकून अंगणातल्या बाया चुळबुळल्या. त्या सकाळपासून तिथं उभ्या होत्या, काही नात्यातल्या म्हणून, बऱ्याचशा बचत गटाच्या म्हणून. गंगासागरनं, या घरच्या थोरल्या सुनेनं, बारा वर्षं खपून गावात हे गट उभे केले होते. बारा वर्षं त्यांनी पापड लाटले, शेरड्या पाळल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला आणि औषधाला पैसा उभा केला. तरी दसरा झाला की बहुतेक बाया नवऱ्यामागं कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जात आणि उन्हाळ्यात हाडाची काडं होऊन परतत. मग गंगासागरनं डाळमिलचा ध्यास घेतला. तूर गावची, हात गावचे, मिल गटाची. सरकारी योजनेत शेड आणि यंत्र मंजूर झालं होतं. हवी होती ती फक्त जागा, आणि रस्त्याला लागून, विजेच्या खांबाजवळ अशी जागा अख्ख्या गावात अप्पांच्या त्या लहानशा तुकड्याइतकी दुसरी नव्हती. महिनाअखेर कागद झाला नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार होती. आणि पाहणीला आलेल्या साहेबानं बजावून सांगितलं होतं की जागेवर देऊळ, मशीद, समाधी, वाद यातलं काहीही चालणार नाही.

मिल होणार म्हणून या वर्षी बायांनी मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली नव्हती. शहादेव मुकादम दोनदा दारोदार फिरून हात हलवत परत गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा या बाया दिवाळीला घरी राहणार होत्या.

शिवकन्येला मिलशी काही देणंघेणं नव्हतं. पण बाप आईच्या शेजारी जायला हवा, एवढं तिला पक्कं होतं. ती उठली आणि वहिनीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. लग्नापासून या दोघींचं एका मतानं काही झाल्याचं गावाला आठवत नव्हतं.

"वैनी म्हणती ते बरूबर हाय," ती म्हणाली. गंगासागर अजून काहीच म्हणाली नव्हती. "मिल व्हईल तिथं मिल. अप्पा जाईल अव्वापाशी. मी लेक हाय, माझं बी ऐकावं लागंल."

ओसरीवरचे म्हातारे माना डोलवू लागले. मृत्युंजयच्या बायकोनं, प्रणितानं, दाराआडून ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. नवऱ्याचा बेत फसतोय म्हणून बरं वाटावं, याची तिला लाजही वाटली. फलकावर छापायचा सासऱ्याचा फोटो कोणता, हे मृत्युंजयनं पहाटे गाडीतच ठरवलं होतं. घरून निघाल्यापासून तो एकदाही रडला नव्हता, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

"मग कुदळ मारू का मळ्यात?" अंगदनं विचारलं.

"गप बे," मृत्युंजय खेकसला. "स्वामी येऊ दे."

*

मठाचे स्वामी आले तेव्हा ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. म्हातारे, शांत, कमी बोलणारे. त्यांनी अप्पांच्या गळ्यातलं लिंग हातात घेऊन कपाळाला लावलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जोडीदारणीच्या शेजारी जागा असताना दुसरीकडं न्यायचं कारण दिसत न्हाई."

महांतेशनं सुटकेचा श्वास सोडला. झालं एकदाचं. त्याला वाटलं, आता उठावं आणि अंगदबरोबर मळ्याकडे निघावं, कुणाचं मन फिरायच्या आत. तो गुडघ्यावर हात टेकून उठतच होता.

"स्वामी, घरची रीत ऱ्हायली," शिवकन्या म्हणाली. "उगं मागून कुणाला बोलायला जागा नको. शेवटचं पाणी कुणी पाजलं ते इचारा."

महांतेश होता तिथंच थबकला. अक्काच्या तोंडावर हात ठेवावा असं त्याला वाटलं.

ही रीत त्यांच्या घरात आज्या-पणज्यापासून होती. मरणाऱ्याला ज्याच्या हातचं शेवटचं पाणी लाभलं, त्याला समाधीच्या आधी सगळ्यांसमोर विचारायचं, काही बोलणं झालं का. जे बोलणं झालं असेल ते पाळायचं, त्यात फेर नाही. अव्वा गेल्या तेव्हा अप्पांना विचारलं होतं. अप्पांनी सांगितलं, विहिरीपाशी म्हणाली, आणि पावसात, गुडघाभर चिखल तुडवत अव्वांना विहिरीपाशी नेलं होतं. शिवकन्येला त्या दिवसाचीच आठवण होती. मृत्युंजयचं तोंड कायमचं बंद करायला यापेक्षा सोपा उपाय तिला दिसत नव्हता.

"कुणी पाजलं पाणी?" स्वामींनी विचारलं.

"मी," गंगासागर म्हणाली.

महांतेशला पहाट आठवली. ती गोठ्यात आली होती, पदरात तोंड झाकून. अप्पा गेले, म्हणाली. आणि मग, हुंदका आवरत, अप्पा काय बोलले ते तिनं सांगितलं होतं. तिला त्यातलं प्रेमच फक्त दिसत होतं. महांतेशला मात्र क्षणात पुढचं सगळं दिसलं. ज्याला जन्मभर बावळट म्हणून सगळ्यांनी हिणवलं, त्यानं त्या वेळी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "गंगा, हे तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे. कुणी इचारलं तर म्हणायचं, काई बोलले न्हाईत. पाणी प्याले आन् गेले." ती त्याच्याकडे बघत राहिली होती. हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती.

आता ती ओसरीच्या खाली उभी होती, पदर डोक्यावरून घेऊन. महांतेश तिच्याकडे टक लावून पाहत होता आणि मनातल्या मनात विनवत होता. एक डाव. सबंध जन्मात एक डाव, गंगा.

*

गंगासागरला नवऱ्याची नजर कळत होती. पण ती पाहत होती अंगणाच्या टोकाला, जिथं केशरबाई उभी होती.

बारा वर्षांपूर्वी पहिला गट झाला तेव्हा एकीलाही नीट लिहिता येत नव्हतं. म्हणून गंगासागरनं रीत घातली. बैठकीच्या सुरुवातीला एकीनं उभं राहायचं आणि मागच्या बैठकीत काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं. कोण भांडलं, कोण रडलं, कुणाला नाही म्हटलं, सगळं. वाढवायचं नाही, गाळायचं नाही. पुढं लिहिणाऱ्या पोरी आल्या, तरी ही रीत मोडली नाही. सांगणारी पहिली बाई होती केशरबाई, आणि तिनं पहिल्याच वेळी सांगितलं होतं की गंगासागरबाईंनी स्वतःच्या चुलतजावेला कर्जाची रांग सोडून पुढं घेतलं. गंगासागरनं मान खाली घालून म्हटलं होतं, खरं हाय. त्या दिवसापासून बायांचा तिच्यावर विश्वास बसला.

आणि बबिता. किती हुशार पोर. नणंदेची लाज राखायला तिनं सांगताना एक नाव गाळलं, तर गंगासागरनं तिला सगळ्यांसमोर सचिवपदावरून उतरवलं होतं. बबिता पाया पडली होती. "बाई, एकच नाव." "एक असू दे न्हाईतर धा," गंगासागर म्हणाली होती. तीच बबिता आता केशरबाईच्या मागं उभी होती, पोट पुढं आलेलं, सातवा महिना. मिल झाली नाही तर ती या पोटानिशी ऊसाच्या फडावर जाणार होती.

काही बोलले नाहीत, एवढं म्हणायचं. ऐकणारं कुणी नव्हतं. अप्पा उठून सांगणार नव्हते. तिच्या जिभेवर ते शब्द आलेही होते.

पण अप्पा समोर बसले होते. पहाटे पाणी पाजताना त्यांनी तिचा हात धरला होता, आणि ओठ हलवून जे सांगितलं ते सांगताना हसले होते. हा माणूस एकटाच होता या घरात, ज्यानं तिला बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही की बाहेर कुठं हिंडत असतेस. उलट बैठक असली की ओसरीवरून ओरडायचा, "जा गं, बाया वाट बघत्यात." त्याचं शेवटचं मागणं तिनं गिळायचं?

"बोल, पोरी," स्वामी म्हणाले.

"अप्पा बोलले," गंगासागर म्हणाली. आवाज तिचाच होता, बैठकीतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "म्हणले, मला सडकंच्या वावरात ठिव. तिथं मिल व्हईल, बायांचा गलका ऱ्हाईल. मळ्यात मला करमायचं न्हाई. अव्वाला म्हणावं, रागावू नको. असं म्हणले आन् हासले. मग मी पाणी पाजलं."

भजन केव्हाच थांबलं होतं. ओसरीवरून कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. महांतेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शिवकन्या वहिनीपासून एक पाऊल बाजूला सरकली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. अव्वाला म्हणावं रागावू नको, हे मात्र तिच्या बापाचंच बोलणं होतं, त्याबद्दल तिला तिळभरही शंका नव्हती.

आणि मृत्युंजय रडू लागला. खांबाला डोकं लावून, लहान पोरासारखा, मोठ्यानं. प्रणितानं दार सोडून त्याला जाऊन धरलं. सकाळपासून ती ज्याची वाट बघत होती ते रडणं आलं होतं, आणि तिला कळलं की सडकेच्या वावरातली समाधी आता कुणालाही थांबवता येणार नाही. निवडणुकीसाठी समाधी मागणाऱ्या नवऱ्याशी भांडता आलं असतं. बापाची इच्छा पुरवणाऱ्या लेकाशी कोण भांडणार?

गंगासागरनं तरी एकदा हात जोडले.

"भावजी, अप्पाला मिल पायजे व्हती म्हणून ते तसं म्हणले. मागच्या बांधाला द्या समाधी. म्होरली जागा बायांना सोडा. मी साहेबाच्या पाया पडते."

"वैनी, तिथं इंजिन धडाडणार, भुसा उडणार. अप्पाच्या अंगावर?" मृत्युंजय रडत रडतच म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हीच वाईट गोष्ट होती. "आन् साहेबानंच सांगतलं न्हवं, समाधी चालत न्हाई म्हणून?"

तिनं स्वामींकडे पाहिलं. स्वामींनी डोळे मिटले. "मरणाऱ्याचा शब्द हाय," ते म्हणाले. "समोरची जागा मोकळी पायजे."

अंगद टिकाव खांद्यावर टाकून सडकेकडे निघाला.

*

समाधी दिली तेव्हा सगळं रीतीप्रमाणं झालं. अप्पांना खड्ड्यात बसवलं, तोंड उगवतीकडं. स्वामींनी त्यांच्या मस्तकाला पाय लावला. बेलाची पानं, मीठ, भस्म, आणि मग माती. घरच्यांनी मुठी टाकल्या. गंगासागरची मूठ उघडेना, तेव्हा शिवकन्येनंच तिची बोटं सोडवली.

बाया खड्ड्यापर्यंत आल्या नाहीत. सडकेवर उभं राहूनच त्यांनी हात जोडले. माती लोटून होताच गंगासागर त्यांच्याकडे गेली. काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं, पण जायला हवं होतं.

"केशरबाई, दुसरी जागा बघू आपण. मी उद्या तालुक्याला जाते."

"कुठं हाय दुसरी जागा?" केशरबाई म्हणाली. "सगळं गाव तूच हिंडलीस की."

गंगासागरनं हाताची माती पदराला पुसली.

"कावून बोललीस, बाई?"

"केशरबाई, रीत मी घातली, पाळायला तुमीच शिकिवलं मला. जसंच्या तसं सांगायचं."

"आमाला सांगायचं तसं. आमच्या बैठकीत." केशरबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या घरात एक डाव खोटं बोलली असतीस, तर आमी तुला पापी म्हणलो असतो का? बबिताकडं बघ. तिला फडावर बाळंत करणार हाय का तुझं खरं?"

"केशरमावशी, असू द्या," बबिता म्हणाली. ती गंगासागरकडे पाहत नव्हती. "बाईंचं तसंच असतंय."

एवढं बोलून त्या गेल्या. वाटेत त्या शहादेव मुकादमाच्या घराकडे वळल्या, हे सगळ्यांनी पाहिलं. लपवण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं.

महांतेश त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस बायकोशी शब्द बोलला नाही. मृत्युंजय मात्र जाताना तिच्या पाया पडला. "तुमच्यामुळं अप्पाची इच्छा कळली, वैनी," तो म्हणाला, आणि तिला वाटलं, यानं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शिवकन्या आष्टीला परतताना विहिरीपाशी गेली, अव्वाच्या समाधीवर तिनं पाणी घातलं आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत बराच वेळ बसली. वहिनीला भेटायला ती थांबली नाही.

*

दिवाळीच्या आत ट्रॅक्टर निघाले. हंडे, गोधड्या, कोंबड्या, पोरं, आणि त्या सगळ्यांच्या वर बाया. सडकेच्या वावरापाशी पहिला ट्रॅक्टर थांबला. समाधीभोवती फरशी बसून झाली होती आणि मागं मृत्युंजयचा फलक लागला होता. त्यावर अप्पा होते, आणि अप्पांहून मोठा मृत्युंजय होता.

केशरबाई उतरली. समाधीला डोकं टेकवून म्हणाली, "येते, अप्पा." मग तिनं शेरडीचं दावं गंगासागरच्या हातात दिलं. "गाभण हाय. संभाळ." बबिता वरच बसून होती, पोटाशी गाठोडं धरून. गंगासागरनं तिच्याकडे हात वर केला. बबितानं तो धरला, क्षणभर, आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यावर सोडला.

एरवी निघताना बाया गाणी म्हणतात, मागं राहिलेल्यांना हाका मारतात. या वेळी कुणी आवाज केला नाही.

पुढच्या गुरुवारी बैठकीचा दिवस होता. गंगासागरनं नेहमीसारखी सतरंजी खांद्यावर घेतली. महांतेशनं पाहिलं आणि विचारलं नाही. ज्यांच्या ओसरीवर बैठक भरायची त्या घराला कुलूप होतं. ती तशीच पुढं आली, सडकेच्या वावरात, आणि समाधीसमोर तिनं सतरंजी अंथरली. शेरडी फरशीच्या कडेचं गवत खात होती.

ती सतरंजीवर बसली. मग रीतीप्रमाणं उठून उभी राहिली.

"अप्पा, आज बैठक हाय," ती म्हणाली. "सांगणारी मीच. मागच्या बैठकीला सगळ्याजणी आलत्या. मिल कवा सुरू व्हईल म्हणून बबितानं इचारलं. मी म्हणलं, दिवाळीनंतर. केशरबाई म्हणली, मग या वर्साला घरीच करंज्या करू. सगळ्या लई हासल्या. लई गलका झाला. आज कुणी आलं न्हाई."

ती थांबली. काही गाळलं का, हे तिनं आठवून पाहिलं.

"माझ्यामुळं आलं न्हाई," ती म्हणाली, आणि खाली बसली.